रशियन भाषेचा अभ्यास कशासाठी?

परकी भाषा शिकावी की नाही, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांत वाङ्मयाचा प्रश्न म्हणून क्वचितच उपस्थित होतो. बहुधा तो प्रपंचाचा प्रश्न म्हणून येतो, आणि त्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नांदगावी घरी असता तो असाच आमच्या ओटीवर येऊन बसला. देवगडची वाट जेथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळते, त्या तिठ्याजवळ एका सद्गृहस्थांचे लहानसे दुकान आहे. ते आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेली. मुंबईस जाऊन रशियन भाषा घेऊन पदवी संपादन करावी असे तिच्या मनात. तिच्या शाळेतील कपाटात मॉस्कोस छापलेली जुनी मराठी बालपुस्तके होती. प्रगती आणि रादुगा ह्या तिकडील प्रकाशनसंस्थांनी एके काळी अशी कितीतरी पुस्तके मराठीत काढून अल्प किमतीत आपल्याकडे पोहोचविली. त्यांतल्याच एकातील बर्फाच्या चित्रांनी ह्या मुलीला ओढ लावली होती. वडिलांनी मात्र सरळ विचारले, "सर, आमचा चेडू रशियन शिकान काय करतला?"

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास अशा प्रश्नाचे नीट उत्तर देता येऊ नये, ह्याची आम्हांस मागाहून लाज वाटली. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय. ते देताना प्रथम आमच्याच एका अपराधाची कबुली देणे प्राप्त आहे.

पंचविशीत असताना आम्ही चेकॉव्हची १८९९ साली प्रसिद्ध झालेली कुत्रेवालीची कथा मराठीत उतरविली. याल्टा येथे हवापालटास आलेला गुरॉव्ह नावाचा विवाहित गृहस्थ आणि तेथेच भेटलेली आन्ना नावाची विवाहित तरुणी, ह्यांच्या प्रेमाची ती कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. आम्हांस रशियन येत नव्हते. समोर इंग्रजी भाषांतर होते. इंग्रजीत संबोधनाचे सर्वनाम एकच. मराठीत मात्र लेखणी टेकवल्याबरोबर 'तू', 'तुम्ही' की 'आपण', हे ठरवावे लागते. आम्ही विचार केला की प्रेमिक आहेत, तेव्हा जवळीक होईपर्यंत 'तुम्ही' आणि पुढे दोघांच्याही तोंडी 'तू' योग्य. वाचकांनी कथा वाखाणली, आणि आम्हीही ते वाखाणणे निमूटपणे स्वीकारले.

पुढे चाळिशीत आम्ही एका विद्यापीठाच्या सायंवर्गात रशियन शिकावयास बसलो. तिसऱ्या वर्षी शब्दकोश उशाशी घेऊन मूळ कथा वाचली, तेव्हा आमचे भाषांतर किती खोटे होते हे उमगले. रशियन भाषेतही एकवचनी आणि आदरार्थी अशी दोन सर्वनामे आहेत. पहिल्याचा उच्चार आमच्या 'ती'च्या जवळ जातो, आणि ते आमच्या 'तू'चे सख्खे भावंड आहे. दुसऱ्याचा उच्चार 'वी'. चेकॉव्हची सारी कथा ह्या दोन सर्वनामांवर तोललेली आहे. याल्टाच्या त्या खोलीत आन्ना पश्चात्तापाने व्याकूळ होऊन बोलते ती गुरॉव्हला 'तुम्ही' म्हणून. गुरॉव्ह प्रथम कलिंगडाची फोड कापून सावकाश खात बसतो, आणि अर्ध्या तासाच्या अबोल्यानंतर उत्तर देतो ते 'तू' म्हणून. म्हणजे ती अहोजाहो करते आहे आणि तो अगंतुगं. पुढे आगगाडीच्या स्थानकावर निरोप घेतानाही ती 'तुम्ही'च म्हणते. त्यानंतर तिच्या गावच्या नाट्यगृहात तो अवचित तिच्या समोर उभा राहतो, आणि येथे काय घडते? ज्याने तिला 'तू' म्हणून जवळ केले होते तोच गुरॉव्ह आता 'तुम्ही' म्हणून तिची विनवणी करतो! सहज मिळालेल्या स्त्रीला सहज दिलेला एकेरीपणा खऱ्या प्रेमाची जाणीव होताच त्याच्या जिभेवरून गळून पडतो. आणि अखेरीस मॉस्कोच्या खाणावळीत तो तिची विचारपूस करतो, तेव्हा रडू आवरीत ती त्याला जो शब्द उच्चारते तो 'थांबा' असा नसून 'थांब' असा आहे. ह्या एका शब्दाने ती त्याच्या बरोबरीस येते.

ज्या घरांत आजीने आजोबांना जन्मभर 'अहो' म्हटले आणि आजोबांनी तिला 'अगं' म्हटले, त्या घरांतील वाचकास ही कथा मुळातून कळली तर तिच्यातील क्रांती समजावून सांगावी लागणार नाही. इंग्रज वाचकास ती टीप देऊन सांगावी लागते, आणि टीप देऊनही ती त्याच्या कानात शिरत नाही. म्हणजे चेकॉव्ह आणि आम्ही ह्यांच्यामध्ये जी वस्तू दोघांनाही ठाऊक होती, तीच नेमकी मध्यस्थाच्या हातून गळाली. आम्ही तर मध्यस्थाने गाळलेली वस्तू आपल्या अंदाजाने भरून काढली, आणि ती चुकीची भरली. त्या वेळी ज्यांनी आमचे भाषांतर वाचले त्यांची ह्या निमित्ताने आम्ही क्षमा मागतो.

हे एकाच कथेपुरते आहे असे कोणी समजू नये. रशियन कादंबरी ही मुख्यतः कुटुंबाची कादंबरी आहे, आणि कुटुंबाच्या शब्दांत तर इंग्रजी अगदीच दरिद्री. टॉल्स्टॉयच्या 'आन्ना करेनिना'चा आरंभ पाहा. ओब्लॉन्स्कीच्या घरात नवराबायकोचे फाटले आहे, आणि त्याची बहीण आन्ना पीटर्सबर्गहून समेट करावयास येते. इंग्रजीत ती डॉलीची 'सिस्टर-इन-लॉ'. हा शब्द नणंदेस लागू, भावजयीस लागू, जावेस लागू आणि मेहुणीसही लागू! रशियनमध्ये नवऱ्याच्या बहिणीस स्वतंत्र शब्द आहे, 'झोलोव्का'. तो आमच्या 'नणंदे'च्या जागी तंतोतंत बसतो. आता मराठी स्त्रीने हा प्रसंग 'नणंद घरी आली' असे म्हणून वाचावा. आमच्या जात्यावरच्या गाण्यांत जिच्या नावाने बोटे मोडली जातात ती नणंद येथे भावजयीचे अश्रू पुसावयास आली आहे, आणि जी दुसऱ्याचा संसार सांधावयास आली तिचाच संसार पुढे मोडणार आहे. हा विरोध आपल्या घरात केवढा बोलका होतो! पुढे लेव्हिन डॉलीच्या धाकट्या बहिणीशी लग्न करतो, म्हणजे तो आणि ओब्लॉन्स्की साडू होतात. इंग्रजीला साडूची खबरही नाही. रशियनमध्ये त्याला 'स्वोयाक' म्हणतात. त्या दोन साडूंच्या सहवासातील अवघडलेपणा, एक उधळ्या आणि एक काटकसरी, हा आमच्याकडील लग्नमंडपात बसलेल्या कोणासही ओळखीचा वाटेल.

कित्येक शब्द तर नुसते समानार्थी नसून एकाच कुळातले आहेत. रशियनमध्ये सुनेला 'स्नोखा' म्हणतात. संस्कृतात 'स्नुषा', आमच्याकडे 'सून'. नवऱ्याचा भाऊ तिकडे 'द्येवेर', संस्कृतात 'देवर', आमच्याकडे 'दीर'. नवऱ्याची आई तिकडे 'स्वेक्रोव', संस्कृतात 'श्वश्रू', आमच्याकडे 'सासू'. जुन्या रशियनमधील 'यात्रोव', संस्कृतातील 'यातृ' आणि आमची 'जाऊ' ह्याही अशाच एकीच्या लेकी. हजारो वर्षांपूर्वी विलग झालेल्या दोन भाषांनी सासरचे सारे गोत असे जपून ठेवावे, हे पाहून भाषाशास्त्रात ज्यास यत्किंचित् गोडी नाही त्यासही नवल वाटेल.

व्याकरणाकडे पाहिले तरी तेच. इंग्रजीवर पोसलेल्या विद्यार्थ्यास रशियन भयंकर वाटते, कारण नामांस तीन लिंगे, सहा विभक्ती, आणि क्रियापदाची पूर्ण व अपूर्ण अशी जोडी. पण मराठी मुलास तीन लिंगांचे भय का वाटावे? 'मूल' नपुंसकलिंगी का, हे आम्ही कधी विचारले नाही. मालवणी बापाला आपली मुलगी 'चेडू' म्हणून नपुंसकलिंगात हाकारताना कधी अडखळावे लागले नाही. 'तो शिक्षक' एवढे म्हटले की मराठीत वाक्य पुरे होते, 'आहे'ची नड पडत नाही. रशियनमध्येही वर्तमानकाळी हाच सामान्य प्रकार. 'लिहीत होता' आणि 'लिहून टाकले' ह्यांतील भेद ज्यास घरीच कळतो, त्यास रशियन क्रियापदाच्या जोडीचे मर्म निम्मे कळलेच म्हणून समजा. माणसाच्या नावामागोमाग बापाचे नाव लावण्याची आमची रीत तर रशियन कादंबरी उघडताच पानोपानी भेटते. तरीही आमची मुले ही भाषा इंग्रजी टिपणांतून शिकतात, म्हणजे जो जिना घरातूनच माडीवर जातो तो सोडून अंगणातून शिडी लावून वर चढतात.

येथवर भाषेचा विचार झाला. परंतु रशियनबरोबर विद्यापीठांत 'युरोपीय संस्कृती' म्हणून जो विषय शिकविला जातो, त्याविषयी आम्हांस याहून मोठी गोष्ट सांगावयाची आहे. आमच्या पिढ्यांनी युरोप पाहिला तो इंग्लंडच्या खिडकीतून. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हापासून आमच्या मनात युरोप म्हणजे गुरुजी. ते शिकविणार, आम्ही शिकणार. फार तर आम्ही त्यांच्यावर रुसणार. रशियन वाङ्मयाने आम्हांस जो युरोप दाखविला तो निराळा आहे. तेथे युरोपसमोर आपल्यासारखाच दुसरा एक विद्यार्थी बसलेला दिसतो, आणि तो शिकता शिकता कुरकुरतो आहे, नक्कल करता करता लाजतो आहे.

पीटर राजाने १७०३ साली नेव्हा नदीच्या दलदलीत पीटर्सबर्ग वसविले आणि आपल्या सरदारांच्या दाढ्या कापविल्या, तेथून हा अभ्यासक्रम सुरू झाला. १८३६ साली चादायेव्हने आपल्या देशाने जगाच्या ज्ञानात काहीच भर घातली नाही असे छापून म्हटले, तर सरकारने त्याला वेडा ठरविले. त्यानंतर पाश्चात्यवादी आणि स्लाववादी असे दोन पक्ष पडून जो वाद माजला, तो वाचताना आम्हांस आमच्याच घरातील आवाज ऐकू येतात. आमच्याकडे १८७४ साली 'निबंधमाला' निघाली आणि १८८८ साली 'सुधारक' निघाला. स्वत्व राखावे की सुधारावे, आणि सुधारल्यावर जे उरेल त्याला स्वत्व म्हणावे काय, हे प्रश्न मुळा-मुठेच्या काठी उठण्यापूर्वी मॉस्क्वा नदीच्या काठी उठून गेले होते. दोन्हीकडील परिस्थिती एकच होती असे आम्ही म्हणत नाही. ते साम्राज्याचे धनी होते, आम्ही साम्राज्याचे अंकित. तथापि उसन्या भाषेत शहाणपण शिकण्याची कळ दोघांनाही ठाऊक होती.

ह्याचे एक लहानसे प्रमाण देतो. 'युद्ध आणि शांती'चा आरंभच मुळी उमरावांच्या फ्रेंच संभाषणाने होतो. 'आन्ना करेनिना'त तर टॉल्स्टॉय सांगतो की, व्रॉन्स्की आन्नाशी फ्रेंचमध्ये बोलत असे, कारण रशियनमधील 'तुम्ही' त्या दोघांत असह्य थंड वाटले असते आणि 'तू' धोक्याचे ठरले असते. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात रोज दिसणारे दृश्य आठवले. मराठी मुलगा आणि मराठी मुलगी, दोघे एकाच जिल्ह्यातील. पण 'तू' म्हणावे तर सलगी होते आणि 'तुम्ही' म्हणावे तर हसे होते, म्हणून दोघेही इंग्रजीचा आसरा घेतात! ज्या अवघडलेपणाला आम्ही केवळ फॅशन म्हणून नावे ठेवीत होतो, त्याचे निदान दीडशे वर्षांपूर्वी एका रशियनाने करून ठेवले होते. स्वतःच्या समाजाकडे पाहण्याची अशी नजर आम्हांस इंग्रजी वाङ्मयाने दिली नाही, कारण इंग्रजाला असा प्रसंगच आला नाही. गुरूपासून विद्या मिळते हे खरे. पण अभ्यास कसा चालला आहे हे सहाध्यायापाशीच कळते.

कोणी म्हणेल की कोकणच्या किनाऱ्याचा आणि रशियन भाषेचा संबंध लावणे ही ओढाताण आहे. तसे नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वास्को द गामा १४९८ साली येण्यापूर्वी, अफानासी निकितीन हा त्वेरचा व्यापारी चौलास उतरला, जुन्नर व बीदर पाहून दाभोळच्या बंदरातून परत फिरला, आणि आपली हकीकत रशियन भाषेत लिहून गेला. परक्या मुलखात असता आपल्या प्रार्थना आणि काही खाजगी गोष्टी तो मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्दांची मिसळ करून लिहितो. भाषेआड दडण्याची विद्याही जुनीच आहे म्हणावयाची. चौल-दाभोळचे हे वर्णन इंग्रजीत पुस्तकरूपाने आले १८५७ साली. आमच्याच बंदराची बातमी आम्हांस लंडनमार्गे कळावी, ह्यात आमच्या सांस्कृतिक व्यवहाराचे सारे सार आले.

आणि ह्या वाटेने उलट दिशेने गेलेला एक पुरुष तर आमच्या शेजारचाच. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी बुद्ध कोण होता हे जाणण्यासाठी घर सोडले. हाताशी सापडेल त्या भाषेतील सापडेल ते पुस्तक वाचून त्यांना समाधान मानता आले असते. ते त्यांनी मानले नाही. पाली मुळातून शिकण्यासाठी ते सिंहलद्वीपास गेले, ब्रह्मदेशास गेले, पुढे हार्वर्ड येथे संशोधनास गेले. १९१२ ते १९१८ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. रशियन भाषाही त्यांनी शिकून घेतली, आणि १९२९ साली लेनिनग्राडच्या विद्यापीठात पाली शिकवावयास ते गेले. तेथील कडक हिवाळा त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ते स्वदेशी येऊन त्या चळवळीत पडले.

लेनिनग्राडला पालीचा अध्यापक कशाला हवा होता, असे कोणी विचारील. त्या नगरीची ही परंपराच होती. सात खंडांचा आणि १८७५ साली पुरा झालेला बोथलिंक व रोट ह्यांचा संस्कृत-जर्मन कोश तेथील विज्ञान अकादमीने छापला, म्हणूनच आमचे शास्त्री त्याला 'पीटर्सबर्ग कोश' म्हणत. बौद्ध न्यायाचा मोठा पंडित श्चेर्बात्स्की हा १९१० साली हिंदुस्थानात येऊन आपल्या पंडितांपाशी बसला होता. म्हणजे त्यांनी आमच्या ज्ञानाशी मध्यस्थाविना व्यवहार केला. तसा व्यवहार त्यांच्या ज्ञानाशी करणारे आमच्याकडे कोसंबींसारखे विरळा. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियास गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी दिले. त्यांच्या नजरेची धार त्यात दिसते. पण त्यांच्या आणि त्या लोकांच्या मध्ये दुभाष्या उभा आहे, हे वाचकास विसरता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याला स्वतःच्या भाषेची शाळाही धड लाभली नाही, त्याने परकी का शिकली नाही असे कोण म्हणेल? २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभारला गेला. प्रश्न असा आहे की, ज्यांना सारी विद्यापीठे लाभली त्या आम्ही काय केले?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, इंग्रजीतून सर्व काही मिळते. कॉन्स्टन्स गार्नेट ह्या एकट्या बाईने रशियन वाङ्मयाचे सुमारे सत्तर खंड इंग्रजीत आणले. तिचे ऋण आम्ही नाकारीत नाही. तिच्याविना आमच्या तीन पिढ्या रशियास पारख्या राहिल्या असत्या. किंबहुना कधीकधी मध्यस्थच मुळापेक्षा प्रामाणिक ठरतो. टॉल्स्टॉयच्या ज्या ग्रंथावरून साने गुरुजींनी 'कला म्हणजे काय?' सिद्ध केले, तो रशियात सेन्सॉरच्या कात्रीत सापडला होता, आणि १८९८ सालची इंग्रजी आवृत्तीच आपल्या विचारांचे खरे रूप होय असे स्वतः टॉल्स्टॉयने सांगितले. तेव्हा इंग्रजीवरून आणलेले सारेच उष्टे, असा आमचा दंडक नाही. विचार मध्यस्थाकरवी पोहोचतो. नाते पोहोचत नाही. प्रबंध इंग्रजीतून वाचावा, पण कथा आणि कादंबरी ह्यांत जेथे कोण कोणाला काय म्हणतो ह्यावरच सारे अवलंबून असते, तेथे मूळच पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२२ सालच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. अशा राज्याची भाषा आमच्या मुलांनी डोक्यावर घ्यावी काय? आमचे उत्तर असे की, भाषा डोक्यावर घेऊ नये, हातात घ्यावी. ज्याच्या हातात भाषा आहे त्यालाच त्या भाषेतील खोटे ओळखता येते. रशियन शिकणाऱ्याने हेही शिकले पाहिजे की, १८७६ साली झारच्या फर्मानाने युक्रेनी भाषेत पुस्तके छापण्यास जवळजवळ बंदी केली. जो गोगोल रशियन गद्याचा आधारस्तंभ, तो युक्रेनच्या मातीतला. जी भाषा युरोपसमोर विद्यार्थी होती तीच शेजाऱ्यासमोर छडी घेऊन उभी राहिली. सहाध्यायी म्हटला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. आणि आम्ही मराठी भाषिकांनीही आपल्या शेजारच्या बोलींकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे मालवणीच्या घरात बसून लिहिताना आम्हांस विसरता येत नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि तोच त्या दुकानदार गृहस्थांचा. येथे खोटी आशा दाखविणे हे पाप आहे. पवईची तंत्रविज्ञान संस्था १९५८ साली युनेस्कोमार्फत सोव्हिएट साहाय्याने उभी राहिली. त्या काळी रशियन यंत्रे आली, रशियन तज्ज्ञ आले, पुढे आरमारात रशियन नौका आल्या. भाषांतरकारास मान होता आणि वेतन होते. १९९१ साली सोव्हिएट संघ मोडला आणि मॉस्कोहून येणाऱ्या मराठी पुस्तकांचा ओघ आटला. आज ही भाषा जाणणाऱ्यास काम मिळत नाही असे नाही, संरक्षण, औषधे, पर्यटन, वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जाणारी मुले, ह्या सर्वांस दुभाषी लागतात. पण नुसत्या पदवीच्या कागदावर पोट भरेल असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. भाषेबरोबर दुसरी एखादी विद्या हाताशी असावी, हे आम्ही कोणासही सांगू. इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीचीही आज हीच गत आहे, एवढे मात्र नमूद करून ठेवतो.

अखेरीस अभ्यासक्रमाविषयी एक तक्रार. आमच्या पाहण्यात आलेल्या एका अभ्यासक्रमात संस्कृतीची प्रश्नपत्रिका म्हणजे राजांच्या सनावळ्या, चर्चच्या घुमटांची नावे आणि नर्तनगृहांची माहिती, एवढीच होती, आणि तीही इंग्रजीतून. भाषांतराची परीक्षा होती ती रशियनमधून इंग्रजीत. मराठी मुलगी, मराठी शहर, मराठी अध्यापक, आणि तीन वर्षांत मराठीत एक परिच्छेद उतरविण्याचा प्रसंग नाही! ही विद्या शिकून ती मुलगी इंग्रजीची हमाल होईल, मराठीची वारस होणार नाही. आमची सूचना साधी आहे. रशियनच्या प्रत्येक पदवीक्रमात मराठीत भाषांतर करण्याची एक सक्तीची प्रश्नपत्रिका असावी, आणि संस्कृतीचा अभ्यास घुमटांवरून न करता एका कादंबरीतील एका कुटुंबावरून करावा: कोण कोणास कोणत्या नात्याने, कोणत्या सर्वनामाने आणि कोणत्या भाषेत हाक मारतो, एवढे जरी मुलांनी वर्षभर टिपले तरी युरोपाची निम्मी संस्कृती त्यांच्या हाती येईल, आणि आपली अर्धी अधिक उमगेल.

सुटी संपण्यापूर्वी आम्ही तिठ्यावर जाऊन त्या गृहस्थांस हे सारे, अर्थात थोडक्यात, सांगितले. पोटाची हमी देता येत नाही हेही सांगितले. सासू, दीर आणि सून ह्यांचे रशियन शब्द ऐकून ते हसले. गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या मातोश्रींनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि जावेचा शब्द कोणता, असे विचारले. मुलगी काही बोलली नाही. तिने ते वहीत लिहून घेतले. पुढे वडिलांनी काय ठरविले ते आम्हांस अद्यापि कळलेले नाही. तिने हाच मार्ग धरला, तर चेकॉव्हची ती कथा तिने पुन्हा एकवार मराठीत करावी, आणि शेवटच्या प्रसंगात आन्नाच्या तोंडी 'थांब' घालावे, एवढीच आमची इच्छा आहे. आमची चूक आम्हांसही दुरुस्त करता येईल. पण ती तिने दुरुस्त केलेली आम्हांस अधिक आवडेल.